रंधणे, तासणे, घासणे

शब्द कसा वापरावा, हे अख्ख्या कळमनुरीत कुणी मला शिकवू नये! उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला. समानार्थी शब्द म्हणजे काही जुळी भावंडं नव्हेत, एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही, हे मी पोरांनाच काय, बायकोला आणि मेव्हण्यालाही घोकायला लावलं होतं.

अधिकमास होता. नवे जावई हनुमानराव धोंड्याच्या जेवणाला पहिल्यांदाच मुक्कामी येणार होते आणि आमच्या न्हाणीचं दार पावसानं फुगून बसलं होतं. लागेचना! लेकीनं, रागिणीनं, फोनवर बजावलं, "बाबा, हे लई लाजरे हायेत. दाराचं बघा, न्हाई तर माझी इज्जत जाईल."

मी लगेच नासेर मिस्त्रींना फोन लावला. "दाराला रंधा मारून जा."

"बघतो, सर."

मिस्त्रीचं 'बघतो' म्हणजे थेट दिवाळी! म्हणून मेव्हण्याला, सटवाजीला, सांगितलं, "दाराची कड तासून टाक." तो म्हणाला, "आलोच, दाजी." त्याचं 'आलोच' मला लग्नापासून ठाऊक. शेवटी बायकोला म्हटलं, "तूच दार घासून घे." एकच शब्द तीनदा वापरणं माझ्या जिवावर येतं, काय करणार! मग मी जावयाच्या कपड्यांसाठी बाळापूरला गेलो.

संध्याकाळी परतलो, तर बंद दाराच्या फटीतून शेजाऱ्याची शेळी न्हाणीत तोंड घालून बघत होती. आतली कडी कोयंड्यापर्यंत पोचतच नव्हती!

"हे काय केलंत?"

"नासेरभाईनं रंधा मारला," बायको म्हणाली. "दार बराबर लागू लागलं."

"मग?"

"मग सटवाजीदादा वाकस घेऊन आला, त्यानं तासलं. मंग मी पॉलिश पेपरनं घासलं."

"अगं, पण दार लागत होतं ना!"

"लागत व्हतं की! पर दोन शब्दांचं काम कधी येक नसतं, हे तुमीच सांगता न्हवं? दादा म्हणला, दाजीच्या मनात कायतरी बारीक फरक आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई न्हाणीत आणि सासरा बाहेर, दाराला लटकलेला. आतून घाबरा आवाज आला, "मामा, दार धरून राहिलात न्हवं?"

"घट्ट पकडलंय, हनुमानराव!"

आतला पाण्याचा आवाज एकदम थांबला.

"पकडू नका, मामा, धरा! तुमच्याकडं दोन्हींत फरक हाय म्हणून रागिणीनं सांगून ठेवलंय!"

मी निमूटपणे धरलं.