मयेकर सरांचं ना-हरकत पत्र

मयेकर सर आमच्याकडून नेलेली वाटीसुद्धा पत्रासह परत करतात. ‘आपली स्टीलची वाटी सोबत जोडली आहे. आमटी चवदार होती. पोच द्यावी.’ खाली सही, आणि पत्राची झेरॉक्स त्यांच्या फायलीत. मी पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. पहिल्यांदा वाटलं, माणूस थट्टा करतोय. पोच दिली नाही, तर तिसऱ्या दिवशी स्मरणपत्र हजर!

एकटा जीव, चौथ्या मजल्यावर राहतो. बावीस वर्षं इथल्याच एका कॉलेजात शिकवतोय, पण तासांवर. जूनमध्ये नवी ऑर्डर, मार्चअखेर घरी. बावीस वेळा लागला, बावीस वेळा सुटला. स्टाफरूममध्ये यांना साधं कपाट नाही, म्हणून सगळे कागद खांद्यावरच्या पिशवीत.

रविवारी मात्र साहेब उत्तनच्या कोळीवाड्यात. तिथे बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांत बसायचं आणि त्यांचे शब्द वहीत उतरवायचे. वारा कुठला, ऊन कसलं, मासा किती सुकला, प्रत्येकाला त्यांच्याकडे वेगळा शब्द. दहा वर्षांत अकरा वह्या भरल्या. येताना अंगाला असा वास, की शेजारच्या शहाबेन लिफ्टमध्ये नाक धरून म्हणायच्या, “सरजी, आप सीढी से जाओ ना.” सर मुकाट चार मजले चढायचे.

यंदा त्यांना एक जाहिरात सापडली. एका विद्यापीठाच्या संस्थेत सहा महिने पाहुणे संशोधक म्हणून राहायचं, आपल्या विषयावर काम करायचं. वयाची अट पंचावन्न, म्हणजे पुढच्या वर्षी सरांना अर्जही करता येणार नव्हता.

“वहिनी, टेबल देतायत. स्वतःचं! ड्रॉवर असलेलं!” सांगताना स्वारी अशी खुलली होती, की मलाही बरं वाटलं.

सत्तावीस कागद जोडून झाले. अडलं एकाशी. जिथे काम करता तिथलं ना-हरकत पत्र. प्राचार्य म्हणाले, “तुम्ही आमचे कर्मचारीच नाही. हरकतीचा प्रश्न येतोच कुठे?”

“मग तसं लिहून द्या.”

“कर्मचारी नसलेल्याला लेटरहेडवर कसं लिहून देणार?”

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं पेपर तपासून घेताना बरा चालत होता हा माणूस! तेव्हा कोण होता तो, रस्त्यावरचा वाटसरू? मी तावातावाने बोलत होते आणि सर शांतपणे फाईल चाळत होते.

“वहिनी, सोसायटी देते ना ना-हरकत?”

देते की. भाडेकरू ठेवायला देते, गॅसच्या पाइपला देते. मी हसत हसत लेटरहेड काढलं. ‘श्री. मयेकर सहा महिने बाहेर गेल्यास सोसायटीची काहीही हरकत नाही.’ सही, शिक्का. दोन मिनिटांचं काम.

सरांनी संस्थेला फोन करून विचारलं. सोसायटीचं चालणार नाही, कामाच्या ठिकाणचंच हवं. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.

शुक्रवारी सर सकाळीच पिशवी घेऊन निघाले, ते दिवेलागणीला थेट माझ्या दारात. अंगाला उत्तनचा वास.

“काम तर मी दहा वर्षं तिथेच करतोय ना,” म्हणाले. “म्हणून रोझीमावशीकडे मागितलं.”

रोझीमावशी म्हणजे त्यांना सगळ्यात जास्त शब्द देणारी म्हातारी. तिने सांगितलं आणि नातीने वहीच्या पानावर लिहिलं. मी वाचलं.

‘आमची हरकत हाय. सा म्हयने सर न्हाय आले तर ऐतवारी आमी बोलाचा कोनाशी?’

“अहो सर, हे कसं चालेल? हे तर उलटंच झालं!”

“माहितीये. पाच वाजले तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मावशीने चहा ठेवला होता.”

“आणि अर्ज?”

“राहिला.”

इतका राग आला मला! एवढी धडपड, ते ड्रॉवरचं टेबल, सगळं एका वहीच्या पानापायी घालवलंत? पण सर ते पान अलगद दुमडत होते.

“झेरॉक्स काढलीत का याची?” मी विचारलं.

“नाही,” सर म्हणाले. “दुकानदाराच्या हातात द्यावंसं वाटेना. मी जाऊ नये असं कुणी पहिल्यांदाच म्हटलंय, वहिनी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा वर्षांचा शेजार, आणि मी तो शिक्का नीट उमटावा म्हणून दोनदा मारला होता.

“सर, आमचं ते पत्र परत द्या.”

“का?”

“चूक झालीये त्यात.”

सरांनी लगेच चष्मा चढवला, फाईल उघडली, पत्रावरून बोट फिरवलं.

“शक्य नाही, वहिनी. मी दोनदा तपासलंय.”