सासऱ्यांचा ट्रक सुधारायला घेतला तेव्हा

सकाळी थंड इंजिन सुरू करताना चोक ओढावा लागू नये, एवढीच माझी इच्छा होती. माणसाने आयुष्यात याहून कमी काय मागावं? पण ही इच्छा मी मनात न ठेवता अमलात आणली आणि तिथेच सगळं बिनसलं.

ट्रक सासऱ्यांचा. ते लाकडी फर्निचर बनवायचे आणि उभी हयात त्यांनी याच ट्रकमधून लोकांची कपाटं, पलंग आणि टेबलं घरपोच केली. छोटा, पेट्रोलवर चालणारा, गोल नाकाचा. रंग कधीकाळी हिरवा होता, असं घरातली मोठी माणसं सांगतात. आमची ही लहानपणी शाळा सुटली की त्याच्या पुढच्या सीटवर बसून गृहपाठ करायची, तिथेच झोपून जायची, आणि पाय क्लचपर्यंत पोचायला लागले तसं वडिलांनी तिला तो चालवायला शिकवलं. तिला एक मोठी बहीण आहे, भाऊ नाही. पण भाऊ आहे का असं कोणी विचारलं की उत्तर देण्याआधी ती क्षणभर ट्रककडे बघते, हे मी स्वतः पाहिलंय.

सासऱ्यांनी दुकान बंद केलं तेव्हा ट्रकचं काय करायचं, हा प्रश्न निघाला. माझे साडूभाऊ हॉटेल चालवतात. त्यांना तो हॉटेलच्या दारात कायमचा उभा करायचा होता. चाकं काढून, मागच्या हौद्यात माती भरून, फुलझाडं लावून. गिऱ्हाईकं शेजारी उभं राहून फोटो काढतील म्हणे. हे ऐकून ही त्या दिवशी जेवली नाही. मग वडिलांना म्हणाली, मी तो चालता ठेवीन, मला द्या. सासरे न्यायी माणूस. घेऊन जा, म्हणाले, पण उन्हाळा संपला की मी येईन आणि त्यात बसून सगळीकडे फिरेन. नीट चालला तर तुमचा, नाहीतर मोठ्या जावयाच्या फुलांचा.

म्हणजे ट्रकला फक्त चालायचं होतं. आणि तो चालत होता. हे तुम्ही तरी नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

मी विमा कंपनीत कारकून आहे. लोकांनी आपापल्या गाड्यांचं काय करून ठेवलंय, त्याचे अर्ज दिवसभर वाचतो. असे अर्ज वाचून वाचून आपल्याला गाड्यांतलं कळतं, असा माणसाचा समज होतो. (गाड्यांतलं कळत असतं तर मी अर्ज वाचत बसलो नसतो, हे हिने मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.) तर मी इंटरनेटवर एक किट पाहिलं. जुना कार्बुरेटर काढून टाकायचा आणि त्या जागी फ्युएल इंजेक्शन बसवायचं. टाकीत पंप, सायलेन्सरच्या नळीत सेन्सर, डॅशबोर्डखाली हाताच्या पंजाएवढा स्क्रीन. इंजिनाला किती पेट्रोल लागतंय ते कॉम्प्युटर ठरवणार आणि तेवढंच आत फवारणार. चोक नाही, खोकला नाही. शिवाय जाहिरातीत लिहिलं होतं की हा कॉम्प्युटर चालवणाऱ्याकडून हळूहळू शिकत जातो. हे मी हिला वाचून दाखवलं.

"तुमच्याकडून?" एवढंच म्हणून ती पुन्हा कांदा चिरायला लागली.

किट मी स्वतः बसवलं. फक्त सायलेन्सरची नळी तेवढी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, बाकी सगळं आपल्या हातांनी. काही नट उरले, पण माझ्या अनुभवात ते नेहमीच उरतात. कामाची सांगता म्हणून टाकीचं जुनं गंजकं झाकण फेकून दिलं आणि नवं चकचकीत झाकण बसवलं. त्याला रबरी वायसर, किल्लीचं कुलूप. लावलं की 'खट्' असा भक्कम आवाज यायचा. कसलीही गोष्ट घट्ट लावण्यात मला पहिल्यापासून समाधान वाटतं. घरातल्या लोणच्याच्या बरण्या हिला एकटीला उघडत नाहीत.

किल्ली फिरवली आणि ट्रक पहिल्या फटक्यात सुरू झाला. मला चक्क गहिवरून आलं. हीसुद्धा बाहेर येऊन दोन्ही हात कमरेवर ठेवून ऐकत उभी राहिली आणि म्हणाली की आवाज छान येतोय हो. लग्न झाल्यापासून माझ्या कुठल्या कामाला असं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं. लगेच दोघं फेरी मारायला निघालो.

पुलाच्या मधोमध ट्रकने दोन आचके दिले आणि तो गप्प झाला.

पेट्रोल आहे का ते आधी बघा, ही म्हणाली. बायकांना हे एकच सुचतं, असं मनात म्हणत मी उतरलो, झाकणाचं कुलूप उघडलं. टाकीने 'फुस्स' असा लांबलचक सुस्कारा टाकला. आत पेट्रोल काठोकाठ. आहे म्हणून ओरडून सांगितलं, झाकण खट् करून लावलं, मग बॉनेट उघडून डोळ्यांनी बिघाड शोधला. कॉम्प्युटरची एक वायर इग्निशन कॉइलला अगदी खेटून गेली होती. असं असलं की कॉइलच्या करंटने कॉम्प्युटर गडबडतो, हे मी वाचलं होतं. वायर लांब सरकवली, किल्ली फिरवली, ट्रक सुरू. मी हिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने हसून खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयासमोर बंद पडला. पेट्रोल बघा, ही म्हणाली. फुस्स, आहे, खट्. या वेळी मी अर्थिंगची पट्टी खरवडून साफ केली. सुरू. त्याच्या पुढच्या वेळी रेडिओ बंद केला. सुरू. त्याच्याही पुढच्या वेळी काहीच न सुचून बॉनेटवर हलकेच थाप मारली आणि "चल आता" म्हणालो. सुरू.

तुमच्या लक्षात आलं असेल. येऊ द्या, पण बोलू नका. माझ्या लक्षात यायला अजून वेळ आहे.

जुन्या गाड्यांना असली किटं बसवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मी सामील झालो. तिथे सगळे माझ्यासारखेच नवरे. कोणी म्हणाला सेन्सर बदला, कोणी म्हणाला कॉम्प्युटरला नवीन काही शिकवू नका, तो बिथरलाय. एकाने पेट्रोलचं प्रेशर मोजायला सांगितलं. गेज आणून अंगणात मोजलं. मोजण्याआधी नियमाप्रमाणे झाकण उघडून पेट्रोल बघितलं. प्रेशर ठणठणीत. म्हणजे पंप निर्दोष. एक संशयित कमी झाला, याचा मला आनंद झाला. खरं तर आता संशयित उरलाच नव्हता.

मग माझं लक्ष हिच्याकडे गेलं.

मला हे लिहिताना आजही संकोच वाटतो. पण माझ्या निरीक्षणानुसार ट्रक बंद पडायचा तेव्हा ही प्रत्येक वेळी आत बसलेली असायची. तिची पर्स, पर्समधला फोन, फोनच्या लहरी, त्या लहरींनी गडबडलेला कॉम्प्युटर. सगळं कसं जुळत होतं. पुढच्या वेळी मी तिला पर्ससकट खाली उतरवलं, पेट्रोल बघितलं, किल्ली फिरवली आणि ट्रक सुरू झाला. शास्त्रात याला पुरावा म्हणतात. घरात काय म्हणतात ते मला त्या संध्याकाळी सविस्तर कळलं.

तरीही ती उतरायची. कारण उन्हाळा संपत आला होता, साडूभाऊंनी माती मागवल्याचं तिच्या बहिणीने फोनवर सांगितलं होतं, आणि फोन ठेवल्यावर ही बराच वेळ ट्रकच्या सीटवर जाऊन बसली होती. मी तिथे गेलो तर डोळे पुसत म्हणाली, "अहो, काहीही करा, पण बाबा येतील तेव्हा तेवढा चालू दे." मला फार वाईट वाटलं. जे चालत होतं ते आपण मोडलं, हे कबूल करायची तेव्हाच वेळ होती. मी कबूल न करता आणखी एक वायर सरकवली.

तोवर आमचा एक रिवाजच ठरून गेला होता. ट्रक बंद पडला की रेडिओ बंद, हिने पर्स घेऊन उतरायचं आणि फुटपाथवर लांब उभं राहायचं, मी पेट्रोल बघायचं, वायरी हलवायच्या, बॉनेटवर थाप मारायची आणि "चल आता" म्हणायचं. गल्लीतली माणसं आता मदतीला येत नसत. ती नुसती बघत.

सासरे आले त्या दिवशी सकाळीच ही एकटी ट्रक घेऊन पेट्रोल भरायला गेली. परत आली ती चेहरा उजळलेला. कुठेही बंद पडला नाही म्हणाली. फक्त पंपावरच्या माणसाने झाकण काढून कठड्यावर ठेवलं ते तिथेच राहिलं. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, तेव्हा टाकीच्या तोंडाला फडकं बांधून ती सावकाश घरी आली. मी झाकणाचं ऐकलंच नाही. मी ऐकलं ते एवढंच, की ट्रक बंद पडला नाही. काल सरकवलेली वायर कामी आली होती.

सासरे पुढे मध्ये बसले, ही खिडकीशी, मी स्टिअरिंगवर. वाचनालय आलं, गेलं. पूल आला, गेला. ट्रक असा चालला की सासऱ्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. ज्या ज्या घरात त्यांचं कपाट होतं ते घर बोटाने दाखवू लागले. मी त्यांना फ्युएल इंजेक्शन समजावून सांगत होतो. कॉइल, लहरी, अर्थिंग आणि मी हे सगळं एकट्याने कसं शोधून काढलं. लेक शेजारी असताना तिच्या पर्सचा विषय मात्र टाळला. ते मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "जावई, मला तुमची भीती वाटत होती. पण तुम्ही केलंत बुवा."

हिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यासाठी मी आणखी दहा ट्रक मोडले असते.

वाटेत तिने पेट्रोल पंपाशी थांबायला सांगितलं. झाकण तिथेच कठड्यावर होतं. असं उघड्या टाकीने फिरणं धोक्याचं, ते आधी लावा, ती म्हणाली. ते बरोबरच होतं. मी फडकं काढलं, झाकण बसवलं, खट् केलं आणि किल्ली खिशात टाकली.

परतताना पुलाच्या मधोमध ट्रकने दोन आचके दिले.

ही सवयीने पर्स उचलून खाली उतरली आणि फुटपाथवर लांब जाऊन उभी राहिली. मी रेडिओ बंद केला, तो मुळात बंदच होता. मग सासऱ्यांना म्हणालो, बाबा, तुमच्या खिशात फोन असेल तर तुम्हीही जरा हिच्याजवळ जाऊन उभे राहा. तेही गेले. बापलेक लांबून बघत राहिले. मी पेट्रोल बघितलं. फुस्स, आहे, खट्. वायरी हलवल्या, बॉनेटवर थाप मारली आणि जरा दबक्या आवाजात "चल आता" म्हणालो. ट्रक सुरू झाला. मी विजयी मुद्रेने हात हलवून त्यांना बोलावलं.

ती दोघं आली, पण कोणी चढलं नाही. ही माझ्याकडे न बघता टाकीकडे बघत होती.

"सकाळी झाकण नव्हतं तेव्हा बंद पडला नाही," ती सावकाश म्हणाली. "बाबांना घेऊन निघालो तेव्हाही नव्हतं. लावलं आणि बंद पडला."

सासऱ्यांनी माझ्याकडून झाकणाची किल्ली घेऊन ते थोडं सैल केलं, पुन्हा घट्ट लावलं, पुन्हा सैल केलं. मग म्हणाले की पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला नको का? जुन्या झाकणाला वरच्या बाजूला बारीक भोक होतं, त्यातून ती यायची. या नव्याने टाकीचा श्वासच कोंडलाय. पंप बिचारा ओढून ओढून थकतो आणि गप्प होतो. मग त्यांनी मला विचारलं, अगदी शांतपणे, "बंद पडला की हे झाकण कोण उघडायचं?"

"मी."

"दर वेळी?"

"दर वेळी. पेट्रोल बघायला."

"म्हणजे दर वेळी ट्रक दुरुस्त तुम्हीच केलात."

मला भरून आलं. इतके दिवस मी ज्याच्या शोधात होतो ती दुरुस्ती माझ्याच हातून होत होती, आणि मला पत्ता नव्हता. मी नम्रपणे खाली बघितलं.

"आणि परत घट्ट कोण लावायचं?"

पुलावरून एक बस गेली. ती जाईपर्यंत मी उत्तर लांबवलं. त्यानंतर दुसरी बस आली नाही.

"मीच," मी म्हणालो.

सासऱ्यांनी हात पुढे केला. माफ केलं, असं समजून मी तो हातात घेतला आणि दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला, आत वाकून चालू इंजिन बंद केलं, ट्रकची किल्ली काढली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली. ट्रक तुझा, म्हणाले, फुलं मोठ्या जावयांनी दुसरीकडे लावावीत. ही तिथेच, भर पुलावर, वडिलांच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून झाकण सैल ठेवलं आणि स्टिअरिंगवर बसली. सासरे खिडकीशी बसले. मधल्या जागेवर तिने आपली पर्स ठेवली.

माझ्याबद्दल कोणी काही बोललं नाही. तेव्हा मी मागे जाऊन हौद्यात चढलो.