सुभेदार तात्यांची सकाळची परेड

आमच्या रहिमतपुरात सकाळी सकाळी कुणी नळावर ओरडतं, कुणी पोरांवर. सुभेदार तात्या मोबाइलवर ओरडतात. तेही पूर्ण गणवेशात : अंगात बनियन, कमरेला लुंगी आणि पायात आरशासारखे चकाकणारे बूट.

"जवान, सावधान!"

फोन धुण्याच्या दगडावर, तांब्याला टेकून उभा असतो. "सुप्रभात तात्या, मी आपली काय मदत करू?"

"मदत नंतर. आधी हजेरी!"

पुण्याच्या लेकीनं तात्यांना हा बोलणारा मदतनीस फोनवर बसवून दिला. त्याला एकेक काम शिकवता येतं, अशा कामाला 'स्किल' म्हणतात, एवढं सांगून ती गेली. जन्मभर पलटणीत किट तपासलेल्या माणसाच्या हाती आपण नवी पलटणच देतोय, हे तिला काय ठाऊक! तात्यांनी प्रत्येक स्किलला हुद्दा दिला. हवामानवालं लान्सनायक. औषधांच्या वेळा सांगणारं हवालदार, कारण "जिवाची जबाबदारी हाय". गाणी लावणारं साधा शिपाई, तोही शिक्षेवर. भूपाळी मागितली असता त्यानं वरातीतलं गाणं लावलं होतं.

मग तब्येतीची तपासणी. प्रश्न एकच, पण फौजी हिंदीत, आमच्या बोलीत आणि बातम्यांच्या मराठीत. "आज बारिश होगी?" "पाऊस हाय का न्हाई रं?" "आज पर्जन्यमान कसे राहील?" उत्तरं जुळली तर शाबास. एकात 'शक्यता कमी' आणि दुसऱ्यात 'तुरळक सरी' आलं, की लान्सनायक आजारी.

"जीभ दाखव!"

"मला जीभ नाही, तात्या."

"मग बोलतूस कशानं? पिठ्ठू लाव!"

पिठ्ठू म्हणजे पाठीवर ओझं घेऊन पळायची फौजी शिक्षा. फोन पळणार कसा? तात्यांनी तोड काढली. फोन बनियनच्या खिशात घालून ते स्वतःच अंगणात फेऱ्या मारतात. शिक्षा फोनला, धाप तात्यांना.

मी शेजारी. कुंपणावर हनुवटी टेकून हा खेळ रोज फुकट बघतो. एकदा म्हणालो, "तात्या, यंत्र आहे ते. रोज थोडं इकडचं तिकडं बोलणारच."

"म्हणून तर! माणूस बिघडला तर तोंडावर दिसतं. ह्येचं तोंड रोज तेच. आतनं कवा बिघडलं, कळायचं कसं गड्या?"

सगळ्यात कडक तपासणी मात्र शेवटच्या स्किलची. त्याचा हुद्दा तात्यांच्या बरोबरीचा, सुभेदार. तात्या आवाज बारीक करून विचारत, "आमचं ह्ये कुठं गेल्यात?"

"मळ्यात गेल्यात. च्याच्या टायमाला येत्यात," फोन सांगे.

"पुन्यांदा!" मग तोच प्रश्न रागावून, लाडात येऊन, उपरण्याचं टोक डोळ्यांना लावून. जत्रेतल्या नाटकांत माझा जन्म गेला, पण लुंगी-बुटातली अशी नायिका मी पाहिली नाही. एका सकाळी फोन म्हणाला, "मळ्यात गेले असावेत." तात्या कडाडले, "असावेत? गेल्यात!" त्या दिवशी इतका पिठ्ठू झाला, की शेवटी तात्यांनाच खाटेवर घालून वारा घालावा लागला.

मग तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साताऱ्याला ठरलं. लेक गाडी घेऊन आली. मागं त्यांच्या बायकोजवळ, हौसाकाकींजवळ, मी बसायचं होतं. काकींना अलीकडे काही आठवत नाही. आत्ता सांगितलेलं आत्ता पुसलं जातं. मागं एकदा त्यांना कुणी सांगितलं, तात्या कोरेगावला गेले. कुणी म्हणालं, बँकेत. दोन उत्तरं ऐकून काकी घाबरल्या आणि अनवाणी एसटी स्टँडवर जाऊन बसल्या.

"तू बोलू नगंस," निघताना तात्यांनी मला बजावलं. "तुला पदरची वाक्यं घालायची खोड. जवानच बोलंल. दवाखान्याची तारीख ध्येनात ठेवणारं स्किल हुतं, त्येची बदली केलीय लेकीच्या फोनवर. न्हाईतर ह्यो खरं बोलून बसायचा." मग बुटांकडे बघत म्हणाले, "मी सरहद्दीवर हुतो तवा ही गावभर इचारत फिरायची. जो त्यो निराळंच सांगायचा. आता तरी एकच उत्तर मिळू दे."

काकी सोप्यात लसूण सोलत होत्या. "आमचं ह्ये कुठं गेल्यात?"

"मळ्यात गेल्यात. च्याच्या टायमाला येत्यात."

त्यांनी मान हलवली. जरा वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. मीही लसूण सोलू लागलो. दुपार कलली तसा काकींचा सूर कापरा झाला. त्या उठून चपला शोधू लागल्या. "कुठं गेल्यात वो?"

"मळ्यात गेल्यात. च्याच्या टायमाला येत्यात." सकाळचाच आवाज, ना कंटाळा, ना घाई.

काकी उंबऱ्यात थांबल्या. "मग आधण ठेवाय पायजे," म्हणत आत वळल्या.

चहाच्या वेळेला तात्या आले. डोळ्याला काळा चष्मा, हातात घेवड्याच्या ओल्या शेंगा, बुटांना चिखल. मागं लेक फणफणत : "काका, तुम्हीच सांगा ह्यांना! डॉक्टर धुळीत जाऊ नका म्हणाले, तर ह्यांनी गाडी मळ्यावर वळवायला लावली!"

"मळ्यातनं येणाऱ्या माणसाच्या पायाला माती नगं व्हय?" तात्या मला कुजबुजले.

काकींनी चहा दिला. तात्या तो बशीत ओतून प्याले आणि फोनला हळूच म्हणाले, "जवान, विश्राम."

काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. पाहुण्याला विचारावं तसं अदबीनं त्यांनी विचारलं, "आवं, आमचं ह्ये कुठं गेल्यात वो?"

फोन बोलायच्या आत तात्या बोलले. "मळ्यात गेल्यात. च्याच्या टायमाला येत्यात."

शब्द तेच, सूरही तोच. मग त्यांनी बशी खाली ठेवली, शेंगा उचलल्या, मागच्या दारानं बाहेर गेले आणि घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आले.

"हौसा, आलो गं."

"आलासा?" काकींचा चेहरा उजळला. "बसा. च्या निवतुया."