आईच्या घरात काही संपत नसे

'संपलं' या शब्दाशी आमच्या आईचं हाडवैर होतं. डब्यातले तांदूळ संपले की ती म्हणायची, "तांदूळ वाढले." आता जुन्या बायका असं बोलतात, घरात संपलं म्हणणं अशुभ मानतात, त्यात नवल नाही. पण त्या तांदूळ, मीठ, कुंकवापाशी थांबतात. आई थांबली नाही. साताऱ्याकडून जुईनगरला राहायला आल्यावर तिची टूथपेस्ट वाढू लागली, शाम्पू वाढू लागला, मोबाइलचं चार्जिंगसुद्धा वाढू लागलं.

माझी बायको शहरात वाढलेली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने सासूच्या तोंडून "मीठ वाढलंय गं" ऐकलं आणि आठवडाभर आमटीत मीठ कमी घातलं. दोघींचं काहीतरी बिनसलंय असं समजून मी मुकाट्याने जेवत राहिलो.

एकदा मी बेलापूरला ऑफिसात असताना आईने गॅसवाल्यांना फोन लावला. "गॅस वाढलाय. लवकर या."

पलीकडच्या माणसाने घाबरून विचारलं, "किती वाढलाय?"

"पार वाढला. कायच राह्यलं न्हाई."

मी धापा टाकत घरी पोचलो तर बिल्डिंगचा मेन स्विच बंद, खिडक्या सताड उघड्या आणि चारही मजले खाली रस्त्यावर. आई शेजारणींना सांगत होती, "हितली लोकं लई भित्री."

"आई, संपला म्हण ना सरळ! जीभ झडणार आहे का?"

"झडंल," ती शांतपणे म्हणाली. "पोराबाळांच्या घरात काय बी संपत नसतं, बाबा."

मग माझ्या मुलीने, सईने, तिची शिकवणी घेतली. "आजी, म्हण. सं-प-लं." आजी "सं" म्हणायची आणि पुढे विचारायची, "संत्रं सोलून देऊ का?" संत्रं खाऊन शिकवणी आटोपायची. मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

इथवर गंमत होती. गेल्या वर्षी डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर काही दिवसांनी ती मला म्हणाली, "बीपीच्या गोळ्या वाढल्या रं." मला वाटलं, डॉक्टरांनी डोस वाढवला. घाईत बूट घालता घालता म्हणालो, "मग घे की वेळेवर." ती "बरं" म्हणाली. पोरगा कामात असतो, त्याला दोनदा कशाला सांगायचं, म्हणून पुन्हा बोललीच नाही. पुढच्या आठवड्यात चक्कर येऊन पडली.

हॉस्पिटलात मी तिच्यावर ओरडलो. सलाईन लावलेल्या, ऐंशी उलटलेल्या बाईवर. खरा राग मला माझाच आला होता. जिने मला लहानाचं मोठं केलं, माझ्या सईलाही केलं, तिचं बोलणं मला पन्नास वर्षांत कळू नये?

त्यातून ती उठली नाही. मी रजा टाकून तिच्या उशाशी बसू लागलो. एका सकाळी तिने मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुजी रजा संपली न्हवं?"

मी चमकून तिच्याकडे बघितलं.

"नीट कळावं म्हनून बोलले," ती म्हणाली. "मागल्यासारका घोळ नको. सायब वरडंल तुला. जा कामावर."

रजा खरंच आदल्या दिवशी संपली होती. मी जाणार नव्हतो. पण तसं सांगितलं असतं तर या बाईने सलाईन उपसून मला ऑफिसच्या दारापर्यंत पोचवलं असतं. आयुष्यभर स्वतःसाठी म्हणून तो शब्द तिच्या तोंडून निघाला नाही, गोळ्यांसाठीसुद्धा नाही, आणि निघाला तो माझ्या रजेसाठी. मला रडू फुटायला लागलं, आणि तिचा भयंकर रागही आला.

"रजा वाढली, आई," मी म्हणालो.

ती थोडा वेळ माझ्याकडे रोखून बघत राहिली. मग सुईचा हात सांभाळत जराशी सरकली आणि कॉटवर मला बसायला जागा केली.