पहिल्या ओळीचा मान

सम्मेदला तीन वर्षांत पहिली रजा मिळाली होती, आणि तीही अटीवर. कवठे महांकाळच्या एका द्राक्ष बागायतदार संघात तो संख्याशास्त्रज्ञ होता. तापमान, दमटपणा आणि पावसाचे आकडे घ्यायचे, वेलींवर दावण्या रोग येईल का याचा अंदाज काढायचा आणि सकाळी नऊच्या आत साडेतीनशे बागायतदारांना मेसेज धाडायचा. या कामाला ना रविवार होता ना दिवाळी. चेअरमन म्हणाले होते, "तुमच्याबिगर मेसेज गेला तर दोन दिवस खुशाल महाबळेश्वराला जावा. न्हाई गेला तर जिथं असाल तिथनं माघारी या."

म्हणून त्याने 'आर' या संख्याशास्त्राच्या भाषेत सगळं काम एका स्क्रिप्टमध्ये बसवलं. काळ्या पडद्यावर फाइलचं नाव टाइप करायचं, पुढे तारीख, मग एंटर. अंदाज काढून मेसेज धाडण्यापर्यंत बाकीचं ती स्वतःच करणार. हेडक्लार्क भूपालअण्णांकडून त्याने हे आठ दिवस घोटून घेतलं. अण्णा एकदाही चुकले नाहीत. खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता.

महाबळेश्वरच्या वाटेवर गाडी मलकापूरला थांबली. त्याच्या बायकोने, चंदनाने, चहा सांगितला आणि फोन वाजला. सव्वाआठ झाले होते.

"सम्मेद, मशिन इंग्रजीत कायतरी बोलतंय रं. आज्ञा सापडली न्हाई म्हणतंय."

"अण्णा, फाइलचं नाव बरोबर टाकलंय?"

"तीनदा टाकलं."

"मग फाइलची परवानगी गेली असंल. ती परत द्यावी लागंल," सम्मेद म्हणाला, आणि पुढचं सांगायच्या आत फोन बंद झाला. पंधरा मिनिटांनी अण्णा धापा टाकत परतले. "आणली! चेअरमनसाब आंघोळीला बसले हुते. वल्ल्या हातानं सही केली बिचाऱ्यांनी."

सम्मेदने कपाळावरून हात फिरवला. परवानगी कीबोर्डवरूनच द्यायची असते हे त्याने समजावलं, एकेक अक्षर टाइप करून घेतलं. यंत्र आपलं तेच म्हणत राहिलं.

"अण्णा, फाइल उघडा. पहिल्या ओळीत काय दिसतंय?"

"श्री वीतरागाय नमः."

सम्मेदने चहा खाली ठेवला. "हे कुणी लिहिलं?"

"मीच की! म्हटलं, सुरू करायच्या आदी एकदा नजर टाकावी. बगतो तर माथा मोकळा! एकतीस वर्सं बिगर श्रीकाराचा कागद म्या टेबलावरनं सोडला न्हाई. तू गडबडीत इसरला असशील म्हणून घातलं."

अशा स्क्रिप्टची पहिली ओळ यंत्रासाठी राखलेली असते. ही फाइल आरकडून चालवून घे, असा पत्ता तिथे अगदी पहिल्या अक्षरापासून लागतो. अण्णांनी तो पत्ता खाली ढकलला होता, आणि यंत्र वीतरागालाच आज्ञा समजून शोधत बसलं होतं.

"खोडा ते" असं सम्मेद म्हणणार, तेवढ्यात चंदनाने डोळे वटारले. "सकाळी सकाळी नमः खोडायला लावताय?"

"माझ्याच्यानं तर व्हायचंच न्हाई," तिकडून अण्णा म्हणाले. नऊला बारा मिनिटं होती.

"खोडू नका. त्याच्या खालची ओळ वर घ्या आणि श्रीकार दुसऱ्या ओळीत."

"वीतरागाला दुसरी जागा?"

"आवं अण्णा, वरची ओळ म्हंजे दारावरची नुसती पाटी. देव आत बसतो न्हवं?"

अण्णांना पटलं. "बरं. आनि?"

"श्रीकाराच्या आधी, तीनच्या आकड्यावर जाळीसारखी खूण हाय बघा, ती घाला."

"ती कशाला?"

"मशिननं त्या ओळीला हात लावू नये म्हणून."

"ह्ये आदी सांगायचं न्हाई व्हय!" अण्णा खूश झाले. आठ वाजून पंचावन्न मिनिटांनी सगळे मेसेज गेले. 'आज दावण्याचा धोका. फवारणी करा.' चेअरमनचाही फोन आला, "जावा आता." सम्मेदला इतकं हलकं वाटलं की त्याने आणखी एक चहा घेतला.

सातारा यायच्या आत फोन पुन्हा वाजला. गाडी सम्मेद चालवत होता, म्हणून चंदनाने उचलला. ढालगावचे कोंडीबा होते. "मेसेज आलाय, फवारा म्हणून. पर सायेब गावाला गेल्यात म्हणं. मग ह्ये कोण म्हणतंय? सायबांचं काय म्हणणं हाय?"

"फवारा म्हणतात," चंदना म्हणाली. मग हरिबांचा आला. मग एकाच वेळी दोघांचे. पाचवडपर्यंत एकेचाळीस झाले. बेचाळिसाव्यापासून ती नाव न विचारता नुसतं "फवारा" म्हणून ठेवून देऊ लागली. एकदा तिची आईच होती.

वाईत गाडी थांबली तेव्हा फोन तापला होता आणि चंदनाने आपलं तोंड खिडकीकडे वळवलं होतं. पुन्हा रिंग वाजली. या वेळी सम्मेदने स्वतः उचलला. भूपालअण्णा होते.

"आता काय झालं, अण्णा? मेसेज गेले न्हवं?"

"लय झ्याक गेले. मला बी आला. दीड एकर बाग हाय न्हवं माझी. फवारा म्हणतोय."

"मग फवारा की!"

"आरं, पर त्यो म्या धाडलाय," अण्णा आवाज खाली आणून म्हणाले. "माझ्या भरवशावर आवशिद मारू व्हय? तू सांग."