सोळा नंबरवर शांतता

बुडणाऱ्या माणसाचा फक्त जीव जातो; तो चुकीच्या पद्धतीने ओरडला तर संस्थेची अब्रू जाते. हे ओळखून मुळशी धरणावरच्या आमच्या जलविहार मंडळाने बोटीवरच्या रेडिओची नियमावली केली. मंडळात बोटी तीन आणि रेडिओ बारा. (बोट नसलेल्यांनी रेडिओ फार्महाऊसच्या गॅलरीत ठेवलाय. ऐकणारेही हवेतच.)

रेडिओला मंडळाचे लायसन लागते. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, दोन फोटो. पोहता येते का, हे विचारत नाहीत. तो विषय अभ्यासक्रमात नाही. बोलताना आधी समोरच्याचे नाव तीनदा घ्यावे, मग स्वतःचे, आणि बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणावे. या पद्धतीने नवराबायकोची भांडणे निम्म्याने घटतात, असे अध्यक्ष शरदचंद्र सांगतात. (ते अविवाहित आहेत.)

सोळा नंबरचा चॅनेल फक्त संकटासाठी. त्यावर कोणी 'मेडे', म्हणजे 'वाचवा', म्हणाले की बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचे. ('मदत करता येत असेल तर बोलावे' हे पुढचे वाक्य जागेअभावी गाळले.)

सगळ्यात बेशिस्त सभासद म्हणजे सगुणाबाई. मंडळाचा धक्का त्यांच्या जमिनीवर, म्हणून त्यांना लायसन द्यावेच लागले. त्या कुठल्याही चॅनेलवर कोणालाही "जेवला का?" विचारतात. दोन नोटिसा देऊन झाल्या. नोटीस घेऊन जाणाराही तिथे जेवूनच परततो.

गेल्या रविवारी कौस्तुभने सासूबाईंना, म्हणजे सुलक्षणाबाईंना, बोटीतून फिरायला नेले. कौस्तुभ माण गावातल्या आयटी कंपनीत आहे आणि आमच्या परीक्षेत पहिला आला होता. भर पाण्यात इंजिन बंद पडले आणि तळातून पाणी आत यायला लागले.

"मेडे, मेडे, मेडे. पाणी घोट्यापर्यंत. ओव्हर."

ऐकणाऱ्या अकरापैकी दहा रेडिओंवर कडकडीत शांतता.

"पाणी गुडघ्यापर्यंत. ओव्हर."

कोणी खोकलेसुद्धा नाही. गॅलरीत बसलेल्या अध्यक्षांचा ऊर अभिमानाने भरून आला. तेवढ्यात अकराव्या रेडिओवरून आवाज आला.

"जेवला का?"

कौस्तुभ नियम आठवत राहिला. सासूबाईंनी त्याच्या हातून रेडिओ ओढला. "कसलं जेवण हो, बुडतोय आम्ही."

"कुटं हाय तुमी?"

"मोठ्या आंब्याच्या समोर."

"बसा तितंच. माझा रोहित होडी घिऊन निगालाय. पिठलं टाकू का आमटी?"

"पिठलं," सासूबाई म्हणाल्या. 'ओव्हर' कौस्तुभने मागून म्हटले.

दोघे सुखरूप आले. सासूबाईंनी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी बांधून घेतली.

मंडळाने तातडीची सभा घेतली. नाव तीनदा न घेणे, 'ओव्हर' न म्हणणे आणि संकटाच्या चॅनेलवर स्वयंपाक करणे, या कारणांवरून सगुणाबाईंचे लायसन निलंबित झाले. अनुमोदन कौस्तुभचे. (सासूबाईंनी तेव्हापासून त्याच्याशी बोलणे टाकले आहे, 'ओव्हर' न म्हणता.) शांतता पाळणाऱ्या दहा जणांना शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र दिले.

प्रमाणपत्रे मात्र अकरा छापली होती. कौस्तुभच्या गुडघ्याला पाणी लागले तेव्हा तुम्हीही हा मजकूर वाचतच होतात, आणि तुमच्याकडूनही हूं की चूं झाले नाही. अकरावे तुमचे. नावाची जागा कोरी ठेवली आहे.