ब्रिटाने पारखून घेतलेलं मचाण

"या वर्षी माझा नवरा झाडावरून पडणार नाही!"

ब्रिटाने हे जाहीर केलं ते स्वयंपाकघरात, बाळाचा चमचा झेंड्यासारखा उंच धरून. ऐकायला तिघं होती: नवरा लायल, सासूबाई आर्डिस आणि सात महिन्यांची नेल. त्यांतल्या नेलनेच काय ती मान डोलावली, तीही भोपळ्याचा घास थुंकता थुंकता.

त्याचं असं झालं होतं की गेल्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या मोसमात, लायल जंगलातल्या कॅम्पवरून गळ्यात हात अडकवून परत आला. खांद्याचं हाड मोडलेलं. "पडलो," एवढंच म्हणाला. त्यांच्या लून क्रीक गावात नोव्हेंबरात कोणी 'पडलो' म्हणालं की कुठून, हे विचारायची पद्धत नाही. मचाणावरून, दुसरं कुठून! अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या या टोकाला माणसं त्या दिवसांत जमिनीवर कमी आणि झाडावर जास्त असतात. तेव्हा ब्रिटा पोटुशी होती. आता पोर कडेवर होतं आणि डोक्यातला काळजीचा कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू होता.

"अगं, मी जपून बसेन ना," चीजचा तुकडा चघळत लायल म्हणाला. सहा फुटी गडी, पण नजर ताटात.

"पडणारा प्रत्येक जण जपूनच बसलेला असतो! फळ्या ठोकलेलं ते जुनं मचाण बंद. खोडावर चढत जाणारं नवं मचाण मी निवडणार. आणि कॅम्पवर असेपर्यंत सुरक्षेचं जाकीट अंगावरून उतरवायचं नाही. नेलकडे बघून शपथ घे."

"शपथ," लायल म्हणाला. फार लवकर म्हणाला. आर्डिसबाईंना एकदम खोकला आला.

ब्रिटाने गावातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मुक्काम ठोकला. पाळणा घेताना तिने सात पाळणे नापास केले होते. गाडीतली बाळाची खुर्ची विकणारा माणूस तर पुढे नोकरी सोडून गेला, असं लोक म्हणतात. दुकानदार गॉर्डीने दुकानातल्या खांबावर एकेक मचाण लावून दाखवलं आणि ब्रिटा नेलला पोटाशी बांधून प्रत्येकाला गदागदा हलवत राहिली.

"हे कुरकुरतं."

"बाई, ते मचाण नाही, तुम्ही माझा खांब हलवताय!"

"आणि फांदी मोडली तर?"

"फांदी लागतच नाही. बिनफांदीचं सरळसोट झाड बघायचं. मचाणाचे दोन भाग असतात, वरचा बसायचा, खालचा पाय ठेवायचा. दोन्ही तारेच्या जाड दोराने खोडाला मिठी मारतात. हातांनी वरचा सरकवा, त्यावर बसा, मग पायांनी खालचा ओढून घ्या. सुरवंट चढतो ना, तसं. फक्त आधी हे दोन भाग या पट्ट्याने एकमेकांना बांधायचे. ते विसरू नका."

"मी?" ब्रिटा हसली. "मी विसरेन?"

शेवटी तिने सगळ्यांत रुंद बैठकीचं, न कुरकुरणारं मचाण निवडलं. सुरक्षेची जाकिटं दोन घेतली. एक अंगावर, आणि एक त्या एकावर भरवसा नाही म्हणून. गॉर्डीने तिला दारापर्यंत पोचवलं आणि लगेच 'बंद'ची पाटी लावली. घरी आल्यावर तिने तो जोडपट्टा हातात घेऊन ओढून पाहिला. काय शिवण! काय पकड! असल्या पट्ट्याने नुसतं मचाण बांधायचं? नेलच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट उद्या तिच्या अंगावर कोसळू नये म्हणून भिंतीला बांधायचं कितीतरी दिवस राहिलं होतं. तात्पुरतं म्हणून तिने कपाट बांधून टाकलं. लायल निघायच्या आधी सोडलं की झालं!

मोसम शनिवारी उघडणार होता. लायलची पाळी शुक्रवारी संध्याकाळी संपायची, मग तो निघणार होता. बाकी गाव सकाळीच कॅम्पवर रवाना झालं होतं. त्या दुपारी लून क्रीकमध्ये कारखान्यातला लायल सोडून पुरुष औषधालाही सापडला नसता. नेल झोपली होती आणि आर्डिसबाई स्वयंपाकघरात सॉसेज तळत होत्या. ब्रिटाने विचार केला, स्वतः चढून पाहिल्याशिवाय नवऱ्याला द्यायचं म्हणजे दूध न चाखता बाटली देण्यासारखं झालं!

"आई, जरा मागे जाऊन येते," ती म्हणाली.

परसात पाइनचं एक उंच, सरळ झाड होतं. तिने जाकीट चढवलं, त्याचा दोर खोडाला अडकवला, नेलच्या खोलीतला आवाज ऐकायला कमरेला बेबी मॉनिटर लावला. फोन मात्र उंचावरून पडून फुटेल म्हणून आठवणीने ओट्यावर ठेवला. आणि निघाली. हात, बैठक, पाय! हात, बैठक, पाय! भुरभुरता बर्फ नाकावर पडत होता, पण बाई थांबायला तयार नव्हती. घराच्या वळचणीएवढ्या उंचीवर ती दिमाखात बसली आणि तिने मचाण हलवून पाहिलं. कुरकुर नाही. शाब्बास, ब्रिटा!

तेवढ्यात मॉनिटरमधून नेल कुरकुरली.

ब्रिटा दचकली. दचकताना दोन्ही पाय वर उचलले गेले, खालच्या भागाची मिठी सुटली, आणि तो सर्र सर्र करत सरळ बुंध्याशी जाऊन आदळला. धाड!

जोडपट्टा! ब्रिटाच्या डोळ्यांपुढे पुस्तकांचं कपाट उभं राहिलं. भक्कम, निश्चल, भूकंपालाही न जुमानणारं.

"आई! आईऽऽ!" ती ओरडली. पण घराच्या खिडक्यांना नेलला थंडी बाधू नये म्हणून तिनेच प्लास्टिकचं दुहेरी आवरण चिकटवलं होतं. वाऱ्याची झुळूक आत जात नव्हती, तिथे सुनेची हाक कुठून जाणार! ती पाय लोंबकळत त्रिशंकूसारखी बसली. पडायची भीती नव्हती, जाकीट पक्कं होतं. पण नेलची दुधाची वेळ झाली होती, आणि दूध झाडावर होतं!

मॉनिटरमध्ये दार वाजलं.

"उठलं का माझं बटाटं?" आर्डिसबाईंचा आवाज आला. "अगं बाई, हे बघ! कपाटाला मारक्या बैलासारखं जखडलंय. काय ही तुझी आई!"

"आई, इकडे!" ब्रिटा मॉनिटरमध्ये ओरडली. पण ते यंत्र नुसतं ऐकणारं, लून क्रीकमधल्या नवऱ्यांसारखं.

"बिचारी गं तुझी आई. कुठलं मचाण आणलंय, काय काय तपासलंय! आणि तुझा बाप? शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाम फुटतो त्याला. लहानपणी मी मांजर काढायला माळ्यावर चढवला, तर मांजर उतरलं आणि हा वर रडत बसला! आजवर एका झाडावर चढलेला नाही. कॅम्पवर शेगडीपाशी बसून पत्ते कुटतो, झालं."

ब्रिटाचे लोंबकळणारे पाय थांबले.

"आणि तो खांदा? दुमजली पलंग आहे ना तिथे? वरच्या मजल्यावरून झोपेत घरंगळला! कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय त्याने मला. तुला सांगितलेलं चालतं. चल, तुला चिमणी दाखवते."

खिडकीचा पडदा सरकला. नेलने परसातली चिमणी पाहिली. चिमणी नारिंगी जाकिटात होती आणि मूठ उगारत होती.

"अगं माझे आई!" मॉनिटर ओरडला. मग हळूच, "ब्रिटा... त्या डबीतून ऐकू येत होतं का गं सगळं?"

ब्रिटाने सावकाश मान डोलावली.

आर्डिसबाई नेलला गुंडाळून परसात धावल्या. "शिडी कुठेय?"

"कॅम्पवर!"

"अग्निशमन दलाला फोन करू?"

"तेही कॅम्पवर!"

"पाद्री?"

"तो तर काल रात्रीच गेला!"

शेवटी चर्चमधल्या बायका नाताळची चांदणी टांगायची शिडी घेऊन आल्या, मागोमाग कारखान्यातून लायल. झाडाखाली सगळ्याजणी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"जा रे, उतरव बायकोला!"

"हो, हो, चढतो की!" लायलने शिडी धरली. एक पायरी. दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर त्याने डोळे मिटून शिडीला अशी मिठी मारली, की तशी लग्नात बायकोलाही मारली नव्हती.

"वारा... वारा आहे जरा," तो पुटपुटला.

"खाली ये, माझ्या वाघा," म्हणत आर्डिसबाईंनी नेलला त्याच्या हातात दिलं, झगा खोचला, आणि सरसर वर जाऊन सुनेला एकेक पायरी उतरवून आणलं. उतरताना त्यांनी मचाणाची बैठक दोनदा थोपटली.

"चांगलं निवडलंयस हं," त्या म्हणाल्या. "तो नाही तर नाही. मी घेऊन जाते हे."

जमिनीवर पाय टेकताच ब्रिटाने नेलला छातीशी घेतलं. मग नवऱ्याकडे वळली.

"शपथ आठवते?"

"अगं, पण मी झाडावर चढतच नाही!" लायल कळवळला.

"शपथेत झाड नव्हतंच. कॅम्पवर असेपर्यंत जाकीट अंगावर. पलंगाला दांडा आहे ना? त्याला दोर अडकवायचा."

"मी खालच्या मजल्यावर झोपेन गं!"

"खालून पडलेली माणसं काय कमी आहेत?"

संध्याकाळी आर्डिसबाई मचाण, दोन्ही जाकिटं, जोडपट्टा आणि मुलगा घेऊन कॅम्पवर गेल्या. पुस्तकांच्या कपाटाला ब्रिटाने लायलचा चामडी कमरपट्टा बांधला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, झाडावर चढायच्या आधी, आर्डिसबाईंनी फोनवर फोटो पाठवला. खालच्या पलंगावर लायल गाढ झोपलेला, अंगात नारिंगी जाकीट, दोर पलंगाच्या दांड्याला. भोवती अख्खं अग्निशमन दल पोट धरून हसतंय, आणि मागे पाद्रीसाहेब डोळे पुसताहेत.

ब्रिटाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. डोळे बारीक करून, नेलला दूध पाजता पाजता, कोपरा न् कोपरा तपासला. मग उत्तर लिहिलं:

"डाव्या खांद्याचं बक्कल सैल दिसतंय. त्याला उठवा."